पन्नास झेरॉक्सचा बायोडाटा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पदवीचे आणि आयटीआयचे निकाल लागले की म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या झेरॉक्सच्या दुकानांत ठरलेला व्यवहार सुरू होतो. मुलगा म्हणतो, ‘बायोडाटा करून द्या.’ दुकानदार संगणकातली जुनी फाइल उघडतो, नाव-पत्ता-शिक्षण बदलतो आणि पन्नास प्रती काढून देतो. वीस वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जातात, दहा कुंडईच्या, बाकीच्या कळंगुटपासून कोलव्यापर्यंतच्या हॉटेलांत. महिनाभर फोन येत नाही. मग ‘गोव्यात वशिल्याशिवाय काही होत नाही’ असा निकाल घरातच लागतो. वशिला चालत नाही असे आमचे म्हणणे नाही. पण त्यातले बरेचसे कागद असे असतात की वशिला असूनही ते पुढे सरकवणे अवघड जावे. वाचणाऱ्याने बोट ठेवावे असे त्यात काही सापडतच नाही. भरतीच्या आणि प्रशिक्षणाच्या कामात असल्याने हे कागद आमच्या रोजच्या पाहण्यात आहेत. तेव्हा नेमके काय बिघडते आणि ते कसे दुरुस्त करता येते, ते लिहितो.

घोळाची सुरुवात शब्दातच आहे. ‘बायोडाटा’ आपण स्थळासाठीही देतो आणि नोकरीसाठीही. स्थळाच्या बायोडाट्यात उंची, वर्ण, गोत्र, कुलदैवत, मामाचे गाव हे सगळे लागते. नोकरीच्या कागदावर यातले काही लागत नाही. वडिलांचे नाव, धर्म, जात, लग्न झाले की नाही, छंद म्हणून ‘गाणी ऐकणे व प्रवास’ या ओळींनी अर्धे पान जाते आणि कामाचा मजकूर दुसऱ्या पानावर ढकलला जातो. आधार आणि पॅनचे क्रमांक तर मुळीच लिहू नयेत. हा कागद किती हातांतून, किती व्हॉट्सअॅप ग्रुपांतून फिरेल याचा नेम नाही. शेवटी ‘वरील माहिती खरी असल्याचे मी जाहीर करतो’ हे प्रतिज्ञापत्र, स्थळ, तारीख आणि सही असते, तेही काढून टाकावे. खासगी नोकरीच्या अर्जात त्याचा काही उपयोग नसतो, उलट तोटा होतो. ती तारीख बदलायची राहून जाते आणि दीड वर्षापूर्वीची तारीख पाहून वाचणाऱ्याला कळते की माणूस दीड वर्ष हाच कागद वाटत फिरतो आहे. फोटो हॉटेलचे फ्रंट ऑफिस, विमानतळावरचे प्रवासी-सेवेचे काम किंवा जहाजावरची नोकरी अशा ठिकाणी मागितला तरच लावावा. मागितला असेल तर साधी पार्श्वभूमी असलेला आणि आताचा असावा. लग्नाच्या फोटोतून कापलेला, शेजारच्याचा खांदा दिसणारा नको.

आता कागदाच्या वरच्या एक-तृतीयांश भागाकडे. पहिली चाळणी करणारा माणूस एका कागदाला मिनिटभरही देत नाही, आणि त्या वेळात त्याची नजर तेवढ्यावरच फिरते. तिथे नाव, एकच मोबाइल क्रमांक, एकच ईमेल, राहण्याचे गाव व तालुका एवढे पुरते. घर क्रमांक, वाडा, देवळाजवळ, पोस्ट अमुक अशी पाच ओळींची पट्टी नको. मात्र वेर्णा किंवा कुंडईसारख्या ठिकाणी पाळीचे काम असेल तर ‘स्वतःची दुचाकी व परवाना’ हे चार शब्द पत्त्याशेजारी जरूर लिहावेत. रात्रीची पाळी सुटल्यावर हा माणूस घरी कसा जाणार, हा प्रश्न भरती करणाऱ्याच्या डोक्यात असतोच. ईमेल नावाचा असावा. शाळेत असताना काढलेला ‘रॉकी बॉय’ आता निवृत्त करावा. आणि हा पत्ता स्वतःचा असावा. सायबर कॅफेवाल्याच्या पत्त्यावर मुलाखतीचे बोलावणे येऊन पडल्याचे प्रकार होतात.

नावाखाली लगेच ‘ऑब्जेक्टिव्ह’ असते. ‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स फॉर द ग्रोथ ऑफ द ऑर्गनायझेशन.’ पेडण्यापासून काणकोणपर्यंत हेच वाक्य, स्वल्पविरामासकट. या वाक्यातून उमेदवार सुतार आहे की सनदी लेखापाल, हे कळत नाही. त्या जागी दोन-तीन ओळींत आपण कोण, किती वर्षे, काय करतो आणि कुठली जागा हवी, हे लिहावे. उदाहरणार्थ: ‘बीकॉम, दोन वर्षे लेखा-सहायक. टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी, बँक मेळ आणि जीएसटी विवरणपत्रांची तयारी. फोंडा-पणजी परिसरात लेखा विभागातील जागा हवी.’ कागद इंग्रजीत द्यायचा असेल तरी या ओळी आधी मराठीत किंवा कोकणीत लिहून पाहाव्यात. आपल्या भाषेत सांगताना माणूस पोकळ बोलत नाही. ‘तू तिथे काय करत होतास रे?’ असे आत्याने विचारले तर जे उत्तर देऊ तेच इंग्रजीत उतरवायचे.

खरी कसोटी अनुभवाच्या ओळींत लागते. तिथे बहुतेक जण आपले हुद्द्याचे कागद उतरवून काढतात: ‘रिस्पॉन्सिबल फॉर फ्रंट ऑफिस अॅक्टिव्हिटीज.’ जबाबदारी होती हे ठीक, पण केले काय? प्रत्येक ओळीत तीन गोष्टी याव्यात. काम कोणते, किती मोठे, कशाच्या साह्याने किंवा काय परिणाम झाला. हॉटेलच्या रिसेप्शनवर काम केलेल्या मुलीने लिहावे: ‘६० खोल्यांचे हॉटेल, हंगामात एका पाळीत ३० ते ३५ चेक-इन, परदेशी पाहुण्यांचे सी-फॉर्म २४ तासांच्या आत ऑनलाइन भरणे, पाळी संपताना रोख व कार्डाचा हिशेब जुळवून देणे.’ हॉटेल चालवणाऱ्याला यातला सी-फॉर्मचा उल्लेख दहा विशेषणांपेक्षा मोलाचा वाटतो. परदेशी पाहुण्याची नोंद वेळेत झाली नाही तर अडचण हॉटेलवर येते, हे त्याला ठाऊक असते. रेस्टॉरंटमध्ये वाढप्याचे काम केले असेल तर किती टेबले, एका वेळी किती पाहुणे, केओटी (स्वयंपाकघरात जाणारी मागणीची चिठ्ठी) हाताने की यंत्रावर, बारची कामे येतात की नाही हे लिहावे. ‘गुड कम्युनिकेशन स्किल्स’ लिहिण्यापेक्षा ‘रशियन पाहुण्यांना मेनू समजावण्यापुरती रशियन येते’ हे सरस.

लेखा विभागाचे तसेच. ‘नॉलेज ऑफ टॅली अँड एमएस ऑफिस’ ही ओळ आता कोणी वाचत नाही. टॅलीवर महिन्याला किती बिले नोंदवलीत, जीएसटीआर-१ आणि ३बी या जीएसटी विवरणपत्रांचे तक्ते स्वतः तयार केलेत की वरिष्ठांनी तयार केलेले फक्त पोर्टलवर चढवलेत, ई-वे बिल काढलेत का, हे स्पष्ट लिहावे. एक्सेल येते म्हणजे काय येते? बेरीज करणे आणि रंग भरणे, की व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल? पिव्होट लिहिलेत तर मुलाखतीत संगणक पुढे सरकवून ‘करून दाखवा’ म्हणतील, ही तयारी ठेवावी. आपल्याकडे ते आता सर्रास होते, आणि चांगलेच आहे.

औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळेत जायचे असेल तर बीएससी वा एमएससी केमिस्ट्रीच्या खाली ‘एचपीएलसी, यूव्ही, केएफ’ एवढी उपकरणांची यादी पुरत नाही. उपकरण फक्त प्रात्यक्षिकात पाहिले, की स्वतः नमुने चालवले? दिवसाला किती? मोबाइल फेज स्वतः तयार केलात का, सिस्टिम सुटेबिलिटी तपासलीत का, नोंदी त्याच वेळी केल्यात का? गुणवत्ता विभागात काम वेळच्या वेळी कागदावर नोंदवणे हे काम करण्याइतकेच महत्त्वाचे मानतात. ‘जीएमपी पद्धतीने बॅच नोंदी आणि लॉगबुक भरण्याचा सराव’ (जीएमपी म्हणजे औषधनिर्मितीची ठरवून दिलेली चांगली पद्धत) ही ओळ अनुभवात असेल तर वर आणावी. आणि प्रकल्पासाठी एकदाच हाताळलेल्या यंत्रापुढे ‘एक्स्पर्ट’ लिहू नये. समोर बसलेल्याने त्या यंत्रावर दहा वर्षे काढलेली असतात.

आयटीआयचा फिटर किंवा टर्नर स्वतःला सगळ्यात कमी लेखतो. त्याचा कागद चार ओळींत संपतो: ट्रेड, वर्ष, टक्के, ‘हार्ड वर्किंग’. खरे तर त्याच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत ठोस असते. कोणत्या यंत्रावर किती तास, लेथ साधा की सीएनसी, ड्रॉइंग वाचता येते का, मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंतचे माप घेता येते का, वेल्डिंग आर्क की टिग. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर कारखान्याचे नाव, कालावधी आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे ठळक असावे. पुष्कळ मुले ही उमेदवारी ‘ट्रेनिंग’ म्हणून तळाला टाकतात. ती अनुभवातच लिहायची.

गोव्यातल्या दोन गोष्टी बाहेरच्या छापील नमुन्यांत बसत नाहीत, त्यांवर जरा थांबतो.

पहिली हंगामी नोकरी. शॅक, लहान हॉटेले, जलक्रीडा यांचे काम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात माणूस घरी, नाहीतर दुसऱ्या कामाला. आता त्याने चार हंगाम चार वेगवेगळ्या नोकऱ्या म्हणून लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, हा कुठे टिकत नाही. तेच एका मथळ्याखाली ‘हंगामी नोकरी, ऑक्टोबर २०२० ते मे २०२४, सलग ४ हंगाम’ असे लिहून खाली ठिकाणे द्यावीत. एकाच मालकाने दर हंगामाला परत बोलावले असेल तर ती गोष्ट कुठल्याही शिफारसपत्रापेक्षा जड आहे. ‘प्रत्येक हंगामात त्याच मालकाकडे’ असे शब्दांत लिहावे. चवथ सरली की हॉटेलांची हंगामी भरती जोर धरते. तेव्हा कागद श्रावणातच तयार हवा, सप्टेंबरच्या शेवटी नव्हे.

दुसरी गोष्ट खाणीची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन मार्चच्या मध्याला पुन्हा बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, कुडचडे भागातल्या कितीतरी डंपरचालकांच्या, मशीन ऑपरेटरांच्या, बार्जवरच्या खलाशांच्या कागदावर त्यामुळे मोठे खिंडार आहे. ते झाकण्यासाठी वर्षे ओढून-ताणून लिहिली जातात आणि तिथेच माणूस अडकतो. झाकायचे कशाला? ‘मार्च २०१८: खाणकाम बंद झाल्याने नोकरी संपली’ हे एक वाक्य गोव्यातल्या कोणालाही समजते. राज्याबाहेर अर्ज करताना तर ते हवेच, कारण तिथल्या माणसाला हा इतिहास ठाऊक नसतो. त्यानंतर स्वतःचा ट्रक चालवला, बागायत पाहिली, गॅरेजमध्ये काम केले, जे केले ते लिहावे. आणि जुन्या अनुभवातला उपयोगी भाग पुढे काढावा. डंपरची वहनक्षमता, एक्सकॅव्हेटरचे मॉडेल, अवजड वाहनाचा परवाना कधीपर्यंत वैध, पाळीत किती फेऱ्या, किती वर्षे अपघाताविना. रस्ते-पुलांच्या कंत्राटदाराला किंवा बंदरावरच्या मालहाताळणीला हाच माणूस हवा असतो, पण कागदावर ‘माइनिंग’ एवढाच शब्द दिसला तर तो त्याला ओळखू येत नाही.

आता नावाचे स्पेलिंग. गोव्यात हा विनोदाचा विषय असला तरी नोकरीत रडवतो. एकाच घरात नाईक दोन तऱ्हांनी, देसाई एक ‘एस’ने आणि दोन ‘एस’ने, शिरोडकर ‘एस’ने आणि पोर्तुगीज धाटणीच्या ‘एक्स’ने लिहिलेले सापडते. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे, बँकेत तिसरे. बायोडाट्यावर नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहावे, कारण पुढे कागदपत्रे जुळवताना तीच काढायला लावतात. फरक असेल तर निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आताच प्रतिज्ञापत्र किंवा रीतसर नावबदल करून घ्यावा. गावांचेही तसेच. पणजी आणि पंजिम, मडगाव आणि मार्गाव, म्हापसा आणि मापुसा. नोकरीच्या संकेतस्थळावर भरती करणारा यातले कोणतेही एक टाकून शोध घेतो. प्रोफाइलमध्ये एक रूप पत्त्यात आणि दुसरे नोकरीच्या ठिकाणात येईल अशी सोय करता येते. हे खटपटीचे वाटेल, पण यंत्राला पणजी आणि पंजिम एकच आहे हे समजेलच असे नाही.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकू. मोठ्या कंपन्या आणि नोकरीची संकेतस्थळे आलेले अर्ज आधी संगणकाकडून वाचून घेतात. हा संगणकी कार्यक्रम (प्रोग्राम) कागदातला मजकूर ओढून नाव, शिक्षण, अनुभव अशा खान्यांत टाकतो आणि मग त्यात शब्द शोधले जातात. त्याला बहुतेक वेळा चित्रातला मजकूर दिसत नाही. म्हणून मोबाइलवर छपाईचा फोटो काढून त्याची पीडीएफ केली तर त्याच्या लेखी तो कोरा कागद. दोन रकान्यांच्या रंगीत साच्यात तो काही वेळा डावीकडची आणि उजवीकडची ओळ एकत्र वाचतो आणि ‘बीकॉम’च्या पुढे ‘मराठी, कोकणी’ चिकटते. पानाच्या वरच्या पट्टीत, म्हणजे हेडरमध्ये फोन नंबर टाकला तर तो काही वेळा गळून पडतो. कौशल्यापुढे पाचातले चार तारे किंवा ८० टक्के भरलेली पट्टी यांचा त्याला काही अर्थ लागत नाही. खरे तर माणसालाही लागत नाही. एक्सेल ८० टक्के येते म्हणजे कुठले २० टक्के येत नाही?

याची परीक्षा घरी होते. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर निवडायचा, कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचा. तिथे ओळी ज्या क्रमाने दिसतील, साधारण तोच क्रम यंत्राला दिसतो. नाव वर नसेल, तारखा दुसऱ्याच नोकरीला चिकटल्या असतील, काहीच उमटले नसेल, तर साचा टाकून द्यावा. एक रकाना, साधा फाँट, ११ आकाराची अक्षरे, ए-४ पान, चारी बाजूंना दोन सेंटिमीटर समास. अनुभव पाच-सात वर्षांपर्यंत असेल तर एक पान, त्यापुढे दोन. नवीन नोकरी वर, जुनी खाली. तारखा महिना-वर्ष अशा आणि सगळीकडे एकाच पद्धतीने.

पण गोव्यातल्या लहान कारखान्यात, क्लिनिकमध्ये, हॉटेलात असा कार्यक्रम बहुधा नसतो. तिथे मालक किंवा व्यवस्थापक व्हॉट्सअॅपवर, मोबाइलच्या पडद्यावर वाचतो. त्याला वर्डची फाइल पाठवली की त्याच्या फोनवर ओळी मोडतात आणि तक्ते पसरतात. पीडीएफच पाठवावी. फाइलचे नाव ‘रेझ्युमे फायनल न्यू २’ असे नको. स्वतःचे नाव आणि पद असावे, कारण त्याच्या फोनमध्ये त्याच दिवशी आलेल्या तीस फाइलींची नावे ‘रेझ्युमे’च असतात. सोबत दोन ओळी: कोण, कुठल्या जागेसाठी, कधीपासून येऊ शकतो. नुसती फाइल टाकून खाली जोडलेले हात ठेवू नयेत. ईमेल असेल तर विषयाच्या रकान्यात पद आणि नाव, आणि पत्राची जागा रिकामी नको.

मूळ मुद्दा असा की हा कागद जाहिरातीचे उत्तर आहे, आणि प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहिता येत नाही. पद्धत सोपी आहे. एक मोठी फाइल घरी ठेवायची. तीत आजवर केलेले सगळे काम, सगळे आकडे, सगळी प्रमाणपत्रे. ती चार पानी झाली तरी चालेल, ती कोणाला पाठवायची नाही. जाहिरात आली की तिच्यातले कामाचे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायचे. समजा ‘स्टोअर असिस्टंट, एसएपीची माहिती, फिफो, मालमोजणी, सामान्य पाळी’ असे आहे (एसएपी हे कंपन्यांचे संगणकीय नोंदींचे सॉफ्टवेअर, फिफो म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर काढणे). मोठ्या फाइलमधून या पाचांशी जुळणाऱ्या ओळी उचलून वर आणायच्या, बाकीच्या आखडायच्या. जाहिरातीत ‘स्टोअर’ असेल तर आपणही ‘वेअरहाउस’ऐवजी ‘स्टोअर’च लिहायचे. जे येत नाही ते लिहायचे नाही, पण जवळचे येत असेल तर सांगायचे: ‘एसएपी वापरलेले नाही, टॅलीवर साठ्याच्या नोंदी २ वर्षे.’ एवढ्याला वीस मिनिटे लागतात. पन्नास झेरॉक्सपेक्षा असे आठ कागद स्वस्त पडतात.

हल्ली चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून मजकूर लिहून घेतात. व्याकरण सुधारायला हरकत नाही. पण त्याला तुमच्या साठ खोल्या आणि पस्तीस चेक-इन माहीत नसतात. ते तुम्ही सांगितले नाहीत तर ते ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट-ड्रिव्हन’, ‘पॅशनेट’ अशी पूड उडवते, आणि कधीकधी न केलेले कामही घालून देते. मुलाखतीत त्याच ओळीवर बोट ठेवून विचारतात तेव्हा मुले खाली पाहतात. मोठ्याने वाचून पाहावे; जो शब्द तोंडात बसत नाही तो काढावा.

फुगवण्याचा मोहही आवरावा. पीएफ कापणाऱ्या नोकरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, जोडलेली असते आणि नवी कंपनी ती पडताळून पाहू शकते. आठ महिन्यांचे सव्वा वर्ष केलेले तिथे उघडे पडते आणि देकार परत जातो. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख नोंदवलीच नसेल तर दोन महिने उलटल्यावर पीएफच्या पोर्टलवर ती स्वतः नोंदवता येते. अर्ज करण्यापूर्वी ती एकदा पाहून घ्यावी. संदर्भ म्हणून कोणाचे नाव द्यायचे तर त्याला आधी विचारावे.

भाषांची ओळ तर गोव्यात वाया घालवण्याचा गुन्हाच होतो. ‘कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी’ असे लिहून थांबतात. बोलता येते, वाचता येते, लिहिता येते हे वेगवेगळे लिहावे. मराठी शाळेतून आलेल्यांना शुद्ध लिहिता येते. सिंधुदुर्ग-कोल्हापूरचे ग्राहक असलेल्या कंपनीला, प्रकाशकाला, वृत्तपत्राला, बँकेच्या ग्रामीण शाखेला त्याची किंमत असते. सरकारी जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असते. सरकारी नोकरीला हा कागद फारसा उपयोगी नाहीच. तिथे विहित अर्ज, रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी आणि कर्मचारी निवड आयोगाची संगणकावरची परीक्षा. त्या अर्जाला चार पानी रंगीत बायोडाटा जोडून काही साधत नाही.

जहाजावर जाणाऱ्यांचा नमुना पूर्ण वेगळा. तिथे पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाची नोंदवही) यांची मुदत, एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेचे मूलभूत सुरक्षा अभ्यासक्रम कधी केले, आधीची जहाजे, पद आणि कराराचे महिने हे तक्त्यात मागतात, आणि ते द्यावेच लागते. पण ही कागदपत्रे देण्यापूर्वी एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, हे पाहावे. आखातातल्या नोकरीसाठी एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ‘बायोडाटा पाठवा आणि पाच हजार नोंदणी फी’ असा निरोप आला तर तिथेच थांबावे.

काही शिक्षणसंस्थांत अख्ख्या वर्गाला एकच साचा दिला जातो. साठ मुलांचे साठ कागद, सगळ्यांचे ‘स्ट्रेंग्थ’ तेच, अशुद्ध स्पेलिंगही तेच. त्यापेक्षा शेवटच्या सत्रात दोन तासिका ठेवून प्रत्येकाकडून फक्त पाच ओळी लिहून घ्याव्यात आणि शेजारच्याने त्या वाचून ‘म्हणजे काय? किती?’ असे विचारावे. शिक्षकाला त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही.

आणि एक मागणी आपल्याच पानांबाबत, महोदय. छोट्या जाहिरातींत ‘पाहिजेत मुले-मुली, चांगला पगार, बायोडाटा पाठवा’ एवढेच असते. पद कोणते, गाव कोणते, पाळी कुठली, पगार कितीपासून, हे काहीच नसते. अशा जाहिरातीला नेमके उत्तर कोणी कसे लिहायचे? जाहिरात स्वीकारताना आपल्या काउंटरवर निदान पद, ठिकाण, कामाची वेळ आणि पगाराचा पल्ला हे चार रकाने सक्तीचे करता येतील का, याचा विचार व्हावा. शब्दांमागे दर असल्याने जाहिरातदार कुरकुर करील; हे चार रकाने विनाशुल्क ठेवले तर तेही निभावेल.

आपले,
भरती व कौशल्य-प्रशिक्षण क्षेत्रातील दोन वाचक,
फोंडा, गोवा